दोन बोटं माती

सप्टेंबरात, बटाटे काढून झाल्यावर,
आर्वेतनं ती लावली सौनाच्या भिंतीलगत.
गड्डा त्याच्या बहिणीनं वोरूहून आणलेला,
वर्तमानपत्रात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर घेऊन.
पिओनी. गुलाबी.
"आपोआप येते," म्हणाली.
ती बाई कशाहीबद्दल असंच म्हणायची.

आर्वेतचा आपोआपवर विश्वास नव्हता.
त्यानं कोपरभर खड्डा खणला,
शेणखत, राख, हाडांचा चुरा,
गड्डा तळाशी निजवून वर माती लोटली, थापली,
त्यावर पेंढा, त्यावर स्प्रूसच्या डहाळ्या,
आणि सगळ्यावर स्वतःचा जुना कोट.
इथं जानेवारीत विहिरीचा दोर
काठीसारखा ताठ होतो.
"गारठेल बिचारी," म्हणाला.

पाच वर्षं पानं आली.
चांगली आली, उगाच नावं कशाला ठेवू,
गर्द, तुकतुकीत.
कळी नाही.
दर जूनमध्ये तो पानांत हात घालायचा,
कोंबडीखालची अंडी चाचपावीत तसा,
आणि रिकामा हात पँटला पुसायचा.
मी म्हणायचे, बटाटेच लावू तिथं.
तो आणखी एक घमेलं माती टाकायचा.

मार्चमध्ये तो गेला.
जमीन गोठलेली. खणायला
इंद्रेकचं यंत्र आणावं लागलं.

त्याच सप्टेंबरात साल्मे कुंपणाशी आली.
पलीकडचं घर तिचं, पण चाळीस वर्षं
आमचं बोलणं जेमतेम,
एका बोकडावरून. जाऊ दे.
बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली,
"हिल्वे, डोळे फार खोल गेलेत."
मला वाटलं, माझेच.
"तुझे नव्हेत गं, झाडाचे.
वर दोन बोटं माती, बास.
थंडी डोळ्यांपर्यंत पोचल्याशिवाय
ही फुलत नसते."

दोघींनी मिळून उपसली.
मुळं रताळ्यांसारखी, एकमेकींत पाय अडकवून बसलेली,
आणि माथ्यावर ते डोळे,
लाल, टोकदार, वर बघून बघून थकलेले.
मातीत कोटाचं एक बटण निघालं.
मी खिशात टाकलं.
साल्मेनं पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं.
मग माती लोटताना मी माझी दोन बोटं आडवी धरली,
तिनं तिची. तिची जाड.
थोडं भांडलो. मधलं माप घेतलं.

त्या हिवाळ्यात वर काही घातलं नाही.
एका रात्री उणे अठ्ठावीस.
कोट हातात घेऊन दारापर्यंत गेले.
कडीला हात लावला, तर कडी बोटांना चिकटली.
परत आले.
कोट पांघरून झोपले.

पहिल्या वर्षी काही नाही.
दुसऱ्या वर्षीही नाही.
"हलवलं की रुसते," साल्मे म्हणाली,
जणू नात्यातलीच कुणी.

यंदा एक कळी.
गोटीएवढी, घट्ट, चिकट, वर मुंग्याच मुंग्या.
झटकायला गेले तर साल्मे कुंपणापलीकडून ओरडली,
"राहू दे! चाटून जातील, नेणार काय आहेत?"
यानच्या रात्रीच्या शेकोट्यांना दोन दिवस होते
तेव्हा ती उघडली.
बशीएवढी. आणि गुलाबी कसली म्हणाल,
तर गार पाण्यात धुणं पिळल्यावर
बोटांची पेरं होतात ना, तशी.

संध्याकाळी पाऊस झाला. तिनं मान टाकली,
पाकळ्यांत पाणी भरून, चिखलात नाक.
मी शेडमधून आर्वेतच्या सायकलची रिम काढली,
तारा कापल्या, चार खुंट्यांवर आडवी बांधली,
आणि तिचं डोकं हळूच आत घेतलं.
म्हणणार होते, बघ, दोन बोटं.
नाही म्हटलं.
त्याला ती गारठू द्यायची नव्हती, एवढंच.

साल्मेनं यंदा पुन्हा करडू घेतलंय.
पिओनी कडू असते, बोकड तोंड लावत नाही, म्हणते.
मी अजून काही बोललेले नाही.